"मिस्टरांची सही आणा" : गर्भपात कधी पटतो, कधी नाही? (खान्देशवाल्यांनी जरा मोकळं बोला)

आखाजीचा झोका
धागा टाकू की नको असं चार महिने चाललंय. आज पोरं दोन्ही झोपलीत, हे ड्युटीवर गेलेत, एका दमात लिहून टाकते, शुद्धलेखन काढू नका कोणी.

माहेर चाळीसगाव तालुक्यातलं, सासर भुसावळ. मोठी चार वर्षांची, धाकटा तेव्हा नऊ महिन्यांचा, अंगावर पीत होता. पाळी परत सुरूच झाली नव्हती त्यामुळे डोक्यातच आलं नाही काही. एक दिवस सासूबाई कळण्याच्या भाकरी टाकत होत्या, तव्यावरचा तो वास मला लहानपणापासून आवडतो, तो आला आणि मी मोरीकडे पळाले. मोरीत बसल्या बसल्याच कळलं मला, किट नंतर आणलं. सोनोग्राफीत सात आठवडे.

नको होतं मला. पैशाची अडचण नाही, घरी त्रास नाही, हे चांगले आहेत. दोन सिझर झालेत, दुसरं नऊ महिन्यांपूर्वीचं. धाकट्यानंतरचे तीन-चार महिने माझे कसे गेले ते इथे लिहिणार नाही, एवढंच सांगते की तेव्हा गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली मीच ह्यांच्या हातात दिली होती. त्यातून जरा वर आले होते. परत तिकडे जायचं नव्हतं. ह्यांना फोनवर सांगितलं, हे म्हणाले तुला झेपेल ते कर.

दवाखान्यात काउंटरवरची बाई म्हणे मिस्टरांची सही लागेल. म्हटलं ते गाडीवर आहेत, परवा येतील. मग परवाच या. वरून विचारते, आधीचं काय आहे? म्हटलं मुलगी आणि मुलगा. तर तिचा चेहरा एकदम सैल पडला, "मग ठीक आहे, फॅमिली कंप्लीट आहे". घरी येईपर्यंत तेच डोक्यात, की दोन्ही मुली असत्या तर हिने माझ्याकडे कसं बघितलं असतं? आणि दोन्ही मुलगे असते तर?

आता दुसरी गोष्ट. माझी आई. माझ्यानंतर, भाऊ व्हायच्या आधी, दोनदा तिची "पिशवी साफ करून आणली". ९३-९५ च्या सुमाराला. हे मला आईने नाही सांगितलं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते तेव्हा झोक्यावर बसल्या बसल्या आत्याने सांगितलं, सहज, जसं काय कोणाच्या म्हशीचं सांगतेय. जीप केली होती म्हणे, आजी, बाबा, काका सगळे बरोबर, येताना रस्त्यात रसवंतीवर थांबले. म्हणजे मुलगी पाडायला अख्खं घर जीपमध्ये बसून गेलं, आणि माझ्यासाठी एक सही मिळायला दोन दिवस लागले.

मी पाप केलं का असं विचारत नाहीये. मला रडू आलं नाही आणि का आलं नाही याचंच वाईट वाटत राहिलं, ते वेगळं. विचारायचं एवढंच की तुम्हाला स्वतःला कुठल्या परिस्थितीत हे पटतं, कुठल्यात नाही? आणि का? कायदा काय म्हणतो ते गुगलवर आहे, तुम्ही काय म्हणता ते सांगा.

रावेरचा बागायतदार
ताई सरळ बोलतो राग मानू नका. दुसऱ्या सिझरच्या वेळीच ऑपरेशन करून घेतलं असतं तर हा प्रश्नच नव्हता. एक मुलगी एक मुलगा झाला होता ना.

शेवभाजी एक्स्ट्रा
भो, आणि मिस्टरांचं ऑपरेशन का नाही? पंधरा मिनिटांचं काम, टाका पण नाही, दोन दिवसांत गडी केळीच्या बागेत.

रावेरचा बागायतदार
आमच्याकडे कोणी करत नाही ते. अशक्तपणा येतो म्हणतात.

शेवभाजी एक्स्ट्रा
हाव ना, अशक्तपणा. बाईचं दोनदा पोट फाडलं तर तिला ताकद येते.

गिरणाकाठचे नाना
मी माळकरी आहे, वय ७१, हायस्कूलला मास्तर होतो. धागा पूर्ण वाचला, दोनदा वाचला. ताईला पापी वगैरे म्हणायचा मला अधिकार नाही आणि म्हणणारही नाही. पण विचारलंय म्हणून माझं प्रामाणिक मत लिहितो. जीव हा जीव आहे, सातव्या आठवड्याचा काय आणि सातव्या महिन्याचा काय. आमच्या गावात गाभण गाय खाटकाला विकणाऱ्याशी लोक बोलत नाहीत. मग माणसाच्या बाबतीत आपण इतके सैल का झालो? बाईला वाचा आहे, डॉक्टरला आहे, कोर्टाला आहे. ज्याला वाचा नाही त्याच्या बाजूने कोणी बोलायचं? आईच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या पोरीवर अत्याचार झाला असेल, तिथे मी काही बोलणार नाही, तिथे मोकळीक असावी. बाकी सोय म्हणून, गैरसोय म्हणून, मला पटत नाही. ताई तुमची गच्चीच्या किल्लीची गोष्ट वाचून मात्र मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता, ते खरं.

नंदुरबार पॅसेंजर
नाना एक विचारू का, उद्धटपणा वाटला तर सॉरी. अत्याचारातून राहिलेला जीव पण निष्पापच असतो ना? त्यालाही वाचा नसते. मग तिथे तुम्ही मोकळीक देता आणि ताईंना नाही देत. म्हणजे तुम्ही जीव नाही मोजत, बाईने मजा केली की नाही ते मोजता. तिची "चूक" नसेल तर सोडता आणि असेल तर भोग म्हणता. असं नाहीये का?

मी २४, शिकायला धुळ्याला रूम करून राहते. आमच्या रूमवर गेल्या वर्षी एकीला झालं. लग्न नाही. दवाखान्यात जायची हिंमत नव्हती कारण जिथे जाऊ तिथे कोणीतरी गावातलं भेटतं, बाकावर बसलेल्या बायका आधी गळा बघतात मंगळसूत्र आहे का. तिच्या मित्राने ओळखीच्या मेडिकलवरून गोळ्या आणल्या. कसं घ्यायचं ते त्या दुकानातल्या पोराने सांगितलं, तो आमच्यापेक्षा लहान असेल. रात्री दीड वाजता ती बाथरूममध्ये, मी बाहेरून बादल्या भरून देते, घरमालकीण वरून विचारते एवढं पाणी का वाजतंय. चार तास. मी मोजत होते किती पॅड झाले. वाचली. पण त्या रात्री पाप-पुण्य कोणाच्या डोक्यात नव्हतं, एवढंच होतं की ही मेली तर हिच्या घरी फोन कोण करणार.

टाका घालणारी
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस, तालुक्याचं गाव, कुठलं ते सांगत नाही. ताई कायदा गुगलवर आहे म्हणाल्या पण काउंटरवर नाहीये ना, म्हणून थोडं लिहावंच लागेल.

अठरा वर्षांवरच्या बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. फॉर्म 'सी', त्यावर तिची एकटीची सही. नवऱ्याची, सासऱ्याची, भावाची, कोणाची नाही. हे आजचं नाही, १९७१ च्या कायद्यापासून असंच आहे. काउंटरवर सही मागतात ती कायद्यासाठी नाही, उद्या नवरा येऊन काचा फोडेल या भीतीने मागतात. मीही पहिली काही वर्षं मागितली आहे, खोटं कशाला बोलू.

दुसरं, लग्न झालेलं असो नसो. जुन्या कायद्यात संततिनियमनाचं साधन फेल गेलं हे कारण "विवाहित स्त्री आणि तिचा नवरा" यांच्यापुरतंच लिहिलेलं होतं, २०२१ च्या दुरुस्तीत "स्त्री आणि तिचा जोडीदार" झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसला दोन डॉक्टर, आणि ठरावीक कारणं: अत्याचार, अल्पवयीन, मध्येच विधवा झाली किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व, मानसिक आजार, बाळात दोष वगैरे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अविवाहित मुलीलाही चोवीसपर्यंत तोच हक्क, आणि नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर गर्भपातापुरता तोही अत्याचारच धरायचा. चोवीसच्या पुढे बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड. आईचा जीवच जात असेल तर आठवडे मोजत बसायचं नाही.

आणि पॅसेंजर, तुझ्या मैत्रिणीचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला कायद्याने शिक्षा आहे. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरने तपासून द्यायच्या, कारण गर्भ नळीत असेल तर गोळीने काही होत नाही आणि नळी फुटून बाई दगावते. लॅन्सेटच्या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१५ या एका सालात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज होता, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. तुमच्या बाथरूमसारखेच. पन्नास वर्षं कायदा असून बाई बाथरूममध्येच बसली आहे.

नाना, माझं मत नंतर लिहिते, पेशंट आलाय.

धुळ्याची आई
मी सहसा लिहित नाही. डॉक्टरांनी "बाळात दोष" असं लिहिलं ते वाचून लिहितेय. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय तर देवघरातल्या सगळ्या देवांना गुड मॉर्निंग म्हणतो, मग शेजारच्या कुत्र्याला, मग मला. कानबाईच्या रोटांना अख्ख्या भाऊबंदकीत सगळ्यात जास्त रोट तो खातो आणि नाचतोही सगळ्यात जास्त.

माझ्या वेळी काही कळलंच नव्हतं आधी. कळलं असतं तर काय केलं असतं? खरं सांगू, पाडलं असतं. तेव्हा मी २५ वर्षांची होते, घाबरले असते, सगळ्यांनी सांगितलं असतं, केलं असतं. आणि आज तो पलीकडे बसून टीव्ही बघतोय आणि मी हे टाइप करतेय.

मला झोंबतं ते असं की सगळ्यांना चोवीस आठवड्यांची रेघ आणि दोष निघाला तर रेघच नाही. म्हणजे तोपर्यंत जो "जीव" होता तो रिपोर्ट आल्यावर कमी जीव झाला? नानांचं गणित मला पटत नाही पण कायद्याचंही पटत नाही. पण मी कोणाला नको करू असंही म्हणणार नाही. कारण रात्री झोप येत नाही तेव्हा एकच विचार असतो की माझ्यानंतर ह्याला जेवायला कोण वाढेल. तो प्रश्न मी दुसऱ्या बाईवर लादू शकत नाही.

शेवभाजी एक्स्ट्रा
ताई, मी इथे फालतू जोक मारायला येतो. हे वाचून काही सुचेना. एवढंच लिहितो.

सातपुड्याची पायवाट
धडगाव भागात शाळेवर आहे, मूळचा इथलाच, पावरा आदिवासी. डॉक्टर मॅडम आणि धुळ्याच्या ताई दोघींचं वाचून लिहितो, जरा लांब होईल.

आमच्याकडे सिकलसेल. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. नवरा बायको दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला आजारच असेल, दर वेळेला नव्याने चारात एक. लोकांना वाटतं एकाला झालं म्हणजे पुढचे तीन सुटले, तसं नाही ते. मी पण वाहक, बायको पण वाहक. लग्नाआधी तपासलं नव्हतं. पहिली मुलगी आजारी. तिला दुखणं उठतं ना तेव्हा हाडाच्या आतून उठतं, ती ओरडत नाही, पलंगाचा दांडा धरून दात खाते. सात वर्षांची आहे. एकदा पावसाळ्यात रात्री उठलं, घाटात दरड होती, मोटरसायकलवर मध्ये तिला बांधून नेलं मी आणि बायकोने, प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या पाठीत नखं रुतवायची, ती खूण बरेच दिवस होती.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मोठ्या दवाखान्यात म्हणाले पोटातच तपासता येतं, दहा-अकरा आठवड्यांना वारेचा तुकडा काढून नाहीतर सोळाच्या पुढे गर्भजल काढून, नमुना मुंबईला पाठवावा लागेल, रिपोर्ट वाईट आला तर निर्णय तुमचा. आम्ही परत आलो. तीन दिवस बोललो. बायको म्हणाली तपासलं आणि तसं निघालं आणि पाडलं, तर मोठीला उद्या काय सांगायचं? की तुझ्यासारखं होतं म्हणून नको झालं? आम्ही नाही तपासलं.

मुलगा झाला. वाहक आहे, आजार नाही. नशीब. पण हे नशीब होतं, निर्णय बरोबर होता असं नाही ना होत त्यावरून. माझ्या चुलत भावाने तपासलं, आजारी निघालं, पाडलं. तो माझ्यासमोर अजून नीट बघत नाही, त्याला वाटतं मी त्याला नावं ठेवतो. मी नाही ठेवत. त्याने त्याच्या आधीच्या पोराला पाच वर्षांत मातीत घातलंय, मी नाही घातलं. २०२३ पासून केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू झाली, आता तपासण्या खूप होतात, कार्डं वाटतात. मी शाळेत मोठ्या पोरांना सांगतो कुंडली राहू द्या, लग्न ठरवायच्या आधी कार्ड जुळवा. हे पोटात तपासण्यापेक्षा सोपं आहे. पण प्रेमात पडलेला पोरगा कार्ड बघत नाही, तेही माहीत आहे.

रावेरचा बागायतदार
सर हात जोडतो तुम्हाला.

मी वर जे ऑपरेशनचं लिहिलं ते मागे घेतो, घरी बायकोने पण वाचलं आणि दोन दिवस झाले भरीत केलेलं नाही.

पण एक खरोखरचा प्रश्न आहे, टोमणा नाही. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. जळगाव जिल्हा, केळीचा, कापसाचा, सोन्याचा, पैसेवाला जिल्हा. त्याचा हिशोब आता आमच्या ओट्यावर बसलाय. पुतण्या ३४ चा, बारा एकर बागायत, ठिबक, ट्रॅक्टर, घर दोन मजली, पोरगी मिळेना. शेवटी मध्यस्थाला पैसे मोजून लांबून केली. चांगली आहे बिचारी, भाषा पण शिकली. पहिली मुलगी झाली. आता परत दिवस आहेत आणि घरात कुजबुज चालू आहे, हद्दीपलीकडे कोणीतरी "बघून" देतो म्हणे. ज्यांना पोरी पाडून पाडून सून मिळाली नाही, ती पैसे मोजून आणली, तेच परत पोरगी पाडायला निघालेत. डोकं बंद पडतं माझं. घरात मी बोललो का? नाही बोललो, वहिनी मोठ्या आहेत, गप बसलो.

तर प्रश्न असा. तुम्ही सगळे म्हणता बाईचा निर्णय. बरं. उद्या ती सून स्वतः म्हणाली मला मुलगी नको, मलाच नको, तर? तिथे पण बाईचा निर्णय म्हणायचं का? की तिथे आपण नाना होणार?

नंदुरबार पॅसेंजर
हा प्रश्न मला पण छळतो आणि उत्तर माझ्याकडे नाही.

टाका घालणारी
पेशंट झाले, आता लिहिते.

भाऊ, आधी एक. तुमच्या ओट्यावर जे चाललंय त्यात "बघून देणारा" तुरुंगात जातो, नेणारा नवराही जातो. महाराष्ट्राने लिंगतपासणीबंदीचा कायदा १९८८ लाच केला, देशात पहिला, मग केंद्राचा १९९४ ला आला, २००३ ला आणखी कडक केला. आणि त्या कायद्यात एक कलम आहे जे मला फार शहाणं वाटतं. बाईची लिंगतपासणी झाली असेल तर कोर्टाने असंच धरायचं की नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं, उलटं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. कायदा लिहिणाऱ्याला माहीत होतं की बाहेर बाकावर कोण बसलेलं असतं.

तुम्ही विचारलं ती स्वतः म्हणाली तर. माझ्यासमोर पंचवीस वर्षांत खूप जणी "स्वतःहून" आल्यात. मी एकच करते, बरोबरच्यांना चहा प्यायला पाठवते आणि मग तिला विचारते, मुलगा झाला तर तुझं काय होईल आणि मुलगी झाली तर तुझं काय होईल? पहिल्या प्रश्नाला काहीतरी बोलतात. दुसऱ्याला सांगायच्या आधी दाराकडे बघतात. हद्दीपलीकडून बघून आल्याचा वास आला की मी हात लावत नाही. ती दुसरीकडे जात असेल, तेही मला माहीत आहे, आणि त्यातली एखादी खरंच स्वतःच्या मनाने आलेली असू शकते. तिच्यावर मी अन्याय केला असेल. करते.

पण याचा दुसरा भोग असा की छापे, रजिस्टरं, सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचा एक रकाना रिकामा राहिला तरी केस, या धास्तीने निम्मे डॉक्टर कुठलाच गर्भपात नको म्हणतात. मग जी मुलगी पाडायला आलीच नव्हती, आखाजी ताईंसारखी, ती दारोदार. त्या काउंटरवालीने आधीचं काय आहे विचारलं ना, ते त्या धास्तीतून. दोन मुली असत्या तर ताई, तुम्हाला कदाचित नाहीच म्हटलं असतं, सात आठवड्यांना मुलगा-मुलगी सोनोग्राफीत दिसत नसतानासुद्धा.

आता माझं मत. नाना म्हणतात सातवा आठवडा आणि सातवा महिना सारखाच. मला हाताला सारखा नाही लागत तो. सातव्या आठवड्याला जे असतं आणि पंचविसाव्या आठवड्याला जे असतं, ते बघितलेल्या माणसाला सारखं म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२३ ची सुप्रीम कोर्टाची केस आठवते का? बाई अगदी आखाजी ताईंसारखी, दोन मुलं, अंगावर पाजणारी, पाळी नाही म्हणून कळलंच नाही, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, औषधं चालू. फक्त कळलं तेव्हा उशीर झालेला, सव्वीस आठवडे. आधी परवानगी मिळाली. मग डॉक्टरांनी कळवलं की बाळ जगू शकेल असं आहे, हृदय थांबवायचं का ते सांगा. परत सुनावणी, दोन्ही महिला न्यायाधीश, दोघींचं एकमत झालं नाही. शेवटी तीन न्यायाधीशांनी नाही म्हटलं. मी त्या रात्री जेवले नाही. कोर्ट चुकलं असं म्हणता येईना आणि ती बाई चुकली असंही म्हणता येईना. मला विचाराल तर मी ते हृदय थांबवलं नसतं, माझ्या हाताने झालं नसतं. पण त्या बाईच्या घरी जाऊन पोर सांभाळायला पण मी जाणार नव्हते.

गिरणाकाठचे नाना
दोन दिवस लिहिलं नाही कारण पॅसेंजर पोरीने जी खोड काढली तिचं उत्तर शोधत होतो. सापडलं नाही. पोरी, तुझं बरोबर आहे. मी अत्याचाराला सूट दिली तेव्हाच माझा "जीव हा जीव" हा मुद्दा सुटला. एकतर तिथेही नाही म्हणायला हवं, जे माझ्याने म्हणवत नाही, दहा-बारा वर्षांच्या पोरींच्या बातम्या वाचतो आपण. नाहीतर मान्य करायला हवं की मी पोटातल्याबरोबर बाईचंही काहीतरी मोजतो, आणि मग ते फक्त तिची चूकच का मोजायची, तिची गच्चीची किल्ली का नाही.

मास्तर असल्यामुळे एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या शेजारच्या सुरतेला १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशी सुनावली होती, पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर जे तोंडसुख घेतलं त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये "स्त्रीपुरुष तुलना" लिहिलं. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८६३ ला, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, की बाई बाळ टाकू नकोस, इथे येऊन गुपचूप बाळंत हो. हे मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं. शिकवताना नेहमी बाळ वाचलं यावर जोर द्यायचो. काल पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांनी त्या बायकांना बाप कोण हे विचारलं नव्हतं.

मत पूर्ण बदललं असं नाही. माझ्या घरात कोणी विचारलं तर मी आजही ठेव म्हणेन. पण सोबत हेही म्हणेन की मी सांभाळतो. ते म्हणायची तयारी नसेल तर गप्प बसेन.

शेवभाजी एक्स्ट्रा
नाना, ७१ व्या वर्षी लंगोट धुवायची तयारी. मानलं.

संपादक
मधला एक प्रतिसाद काढला आहे. कोणाचा दवाखाना, कुठलं मेडिकल, नावं टाकू नका. बाकी चालू द्या.

आखाजीचा झोका
एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. धुळ्याच्या ताई, तुमच्या मुलाला माझा गुड मॉर्निंग सांगा. पायवाट सर, तुमच्या बायकोचं ते वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं, हे बराच वेळ नुसते पंख्याकडे बघत होते.

डॉक्टर, तुमच्यामुळे एक केलं. काल आईला फोन केला. कधी बोललो नव्हतो या विषयावर. माझं सांगितलं तिला आधी, घाबरत घाबरत, मला वाटलं रडेल नाहीतर बोलेल. तर ती शांतपणे विचारते, दूध आटलं का गं मग धाकट्याचं? म्हटलं नाही, पितोय अजून. मग मी विचारलं, आई त्या दोन वेळेचं, तुला काय वाटलं होतं तेव्हा? बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणे, "तू इचार करीसन करं. माले कोनी इचारंच नही." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

रावेरचा बागायतदार
आज वहिनींशी बोललो. भांडणच झालं, जेवण अर्धं ठेवून उठले. पुतण्याला बाजूला घेऊन डॉक्टरांनी सांगितलेलं नवरा पण आत जातो ते सांगितलं, त्याने तेवढंच ऐकलं. आईचं त्याला काही नाही, जेलचं आहे. असो, ऐकलं तर खरं.

नंदुरबार पॅसेंजर
डॉक्टर एक विचारायचं होतं, इथेच विचारते. ती माझी मैत्रीण, तिचं लग्न ठरतंय आता. तिचा ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह आहे. तेव्हा गोळ्या घेतल्या त्यानंतर काहीच इंजेक्शन वगैरे घेतलं नव्हतं. परवा कुठेतरी वाचलं तिने की निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला त्रास होतो. रात्रभर झोपली नाही.

टाका घालणारी
निगेटिव्ह असेल तर गर्भपातानंतर बहात्तर तासांत अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात, ते राहिलं. पण घाबरायचं नाही. खूप लवकरचं होतं, त्यामुळे काहीच झालं नसण्याची शक्यता जास्त आहे. रक्ताची एक तपासणी असते, इनडायरेक्ट कूम्ब्ज, त्यात कळतं. ती करून घ्या, आणि पुढे दिवस राहतील तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरला हे सगळं खरं सांगायचं, नवरा बाहेर असताना सांगितलं तरी चालेल. होणाऱ्या नवऱ्याचा पण ग्रुप बघा, तोही निगेटिव्ह असेल तर प्रश्नच मिटला. मेसेज कर मला, धुळ्यात कोणाकडे जायचं ते सांगते. गळा बघणारी नाही ती.